शंभरी आणि कोतवाल पंजी

साकोली तालुक्यात प्राथमिक शाळेत नोकरी करणाऱ्याच्या वाट्याला शिकवण्याइतकंच लोकांची वयं लिहिण्याचं काम येतं. दाखल-खारीज रजिस्टरात पोरांच्या जन्मतारखा चढवायच्या, जनगणना आली की प्रगणक म्हणून घरोघर फिरायचं, निवडणूक आली की बीएलओ म्हणून मतदार यादीतली जिवंत आणि मयत नावं वेगळी करायची. मधल्या काळात कोणी जातपडताळणीसाठी नाहीतर निराधारच्या पगारासाठी आजोबांचा दाखला मागायला आलं, की वाळवी लागलेली रजिस्टरं उघडून बसायचं. नोकरीचा मोठा काळ असा वयांशी झगडण्यात गेल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. फार म्हातारं होण्याचं कारण फार म्हाताऱ्या माणसाला विचारून कळत नाही. ते कळायचं असेल तर त्याच्या बरोबरीने जन्मलेली आणि आज नसलेली माणसं शोधावी लागतात, आणि ती फक्त नोंदवहीत भेटतात.

तरी विचारायची पद्धत आहेच. नव्वदी ओलांडलेला बुढा किंवा बुढी मतदानाला आली की कोणीतरी फोटो काढतो आणि तब्येतीचं गुपित विचारतो. उत्तरं ठरलेली असतात. भात आणि तलावातली मासोळी, जवसाचं तेल, अंबाडीची भाजी, रोवणीपासून चुरण्यापर्यंत बांधीतली मेहनत, पहाटेची जाग, कोणाचा हेवा न करणं. दुसऱ्या गावची तितकीच म्हातारी बाई सांगते की तिने जन्मभर तंबाखू मळली, चहा सोडला नाही आणि घरात भांडायला ती सर्वांच्या पुढे असते. दोन्ही उत्तरं प्रामाणिक आहेत. पण भंडारा हा तलावांचा जिल्हा. मालगुजारी काळातले तलाव आणि बोड्या यांच्या काठावरच्या गावांत भात-मासोळी कोणी खाल्ली नाही? जे चाळिशीत गेले त्यांनीही तीच खाल्ली. लाखोरीच्या डाळीचंच घ्या. तिच्यात मज्जातंतूंना इजा करणारं द्रव्य असतं म्हणून तिच्या विक्रीवर अनेक वर्षं बंदी होती. आजच्या नव्वदीतल्या माणसांनी ती डाळही पोटभर खाल्ली आहे. ताट एकच असताना एक माणूस तिशीत गेला आणि दुसरा नव्वदीत पोचला, तर फरकाचं कारण ताटात शोधणं व्यर्थ आहे. मुलाखतीत मात्र दुसराच माणूस बोलतो, कारण पहिला बोलायला उरलेला नसतो.

पंजीत दोघेही असतात. जुन्या मध्य प्रांतात गावचा कोतवाल जन्म-मृत्यूची खबर ठाण्यात देत असे आणि त्याची नोंद कोतवाल पंजीत होई. विदर्भात आज ही पंजी मुख्यतः जातपडताळणीसाठी शोधली जाते, आणि अर्जदाराला आपल्या पणजोबाची एक ओळ मिळाली की काम भागतं. पण शोधता शोधता बाकीच्या ओळीही वाचाव्या लागतात. जन्माच्या नोंदीत पुष्कळदा मुलाचं नावच नसतं. बापाचं नाव, जात, तारीख आणि पुढे ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’, एवढंच. मृत्यूच्या नोंदीत कारणाच्या जागी बहुतेक वेळा एकच शब्द, ताप. त्या तापात हिवताप होता, विषमज्वर होता, बाळंतपणानंतरचा ताप होता आणि निमोनियाही होता. कोतवालाला वेगळं ओळखायची सोय नव्हती. पटकी आणि देवी तेवढ्या ओळखता येत म्हणून वेगळ्या लिहिल्या जात. एकाच बापाच्या नावापुढे ओळीने जन्म आणि थोड्या अंतराने ओळीने मृत्यू, असं वाचत गेलं की आज सपरीत बसलेल्या नव्वदीतल्या माणसाकडे पाहण्याची नजर बदलते. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात जन्मलेल्या हजार बालकांपैकी दीडशेच्या आसपास वर्षभराच्या आत जात, आणि सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या घरात होतं. आज महाराष्ट्रात बालमृत्यूचा तो आकडा विसाच्या खाली आहे आणि देशाचं आयुर्मान सत्तर. बत्तीसचा अर्थ सगळे तिशीत मरत असा नव्हता. लहानपणीच इतके जात की सरासरी तिथे येऊन थांबे. जे पाच वर्षांचे झाले त्यांतले बरेच साठीही पाहत.

आता पहिला आक्षेप, आणि तो वजनदार आहे. नोंदवहीवर एवढी भिस्त ठेवायची, तर या भागातल्या शतायुषींची वयं तरी खरी कशावरून? पुष्कळांची नाहीत, हे मान्य केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. २०११ च्या जनगणनेत शंभर आणि त्यावरील वय सांगणारी माणसं देशात सहा लाखांहून जास्त निघाली. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे २०१५ साली भारतातल्या शतायुषींची संख्या सत्तावीस हजारांच्या आसपास होती. मार्च २०२४ मध्ये निवडणूक आयोगाने मतदार यादीतल्या शतायुषींचा आकडा जाहीर केला तो २.१८ लाख. एकाच देशाचे हे तीन आकडे. प्रगणकाला यात नवल वाटत नाही, कारण हा गोंधळ तयार होताना त्याने पाहिलेला असतो. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. त्याआधीचा काळ कोतवालाच्या हुशारीवर आणि वाळवीच्या कृपेवर. शाळेत गेलेल्यांना गुरुजींनी १ जून दिला, न गेलेल्यांना आधार कार्डाने १ जानेवारी. वय विचारलं की शून्यावर किंवा पाचावर संपणारा आकडा येतो, सत्तर, पंच्याहत्तर, ऐंशी. एकाहत्तर कोणी सांगत नाही. ऐंशीच्या पुढे वय हा मान होतो आणि दर दोन वर्षांनी चारांनी वाढतो. यात लबाडी क्वचितच असते. मोजायची वेळच कधी आली नाही, एवढंच खरं कारण आहे.

अशा वेळी प्रगणकाने स्थानिक घटनांचा आधार घ्यायचा असतो आणि भंडारा जिल्ह्यात चांगले आधार मिळतात. १९५४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर भंडारा लोकसभा पोटनिवडणुकीला उभे होते. त्या प्रचाराच्या वेळी तुमचं लग्न झालं होतं का? १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या दीक्षाभूमीवर गेलात तेव्हा कडेवर कोणतं पोर होतं, थोरलं की मधलं? अशा प्रश्नांनी वय चार-पाच वर्षांच्या टप्प्यात पकडता येतं. शंभर सांगितलेलं वय अशा वेळी बहुधा नव्वदीच्या अलीकडे-पलीकडे येऊन थांबतं. जो १९१८ ची मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएन्झाची, साथ डोळ्यांनी पाहिल्याचं सांगतो त्याने बहुधा बापाची आठवण आपली केलेली असते, कारण ती साथ समजण्याच्या वयात पाहिलेला माणूस आज एकशे दहाच्या पुढचा असायला हवा. आणखी एक फसगत नोंदवहीच करते. पहिलं मूल गेलं की पुढच्या मुलाला तेच नाव देण्याची रीत होती. मग धाकट्याच्या नावावर थोरल्याची जन्मतारीख चढते आणि न जगलेली चार वर्षं आयुष्यात जमा होतात.

ही आपल्याच मागासपणाची गोष्ट आहे असं मात्र कोणी समजू नये. जपानात २०१० साली टोकियोतल्या सर्वांत वृद्ध पुरुषाचा शोध घेतला, तेव्हा तो तीस-बत्तीस वर्षांपूर्वीच वारल्याचं उघड झालं. पुढे कुटुंबनोंदी तपासल्यावर दोन लाख तीस हजारांहून अधिक शतायुषी केवळ कागदावर निघाले. सॉल न्यूमन या संशोधकाने दाखवलं की अमेरिकेतल्या राज्यांत जन्मदाखले सक्तीचे होत गेले तशी एकशे दहा वर्षांपलीकडच्या माणसांची नोंद कमालीची घटली. या कामाला २०२४ चा इग नोबेल मिळाला. ज्यांना दीर्घायुषींचे प्रदेश म्हणून जगभर मिरवलं जातं, त्या ओकिनावा, सार्डिनिया, इकारिया यांच्यावरही त्याने बोट ठेवलं. त्यावर सार्डिनियाच्या अभ्यासकांचं उत्तर असं की आम्ही चर्चच्या बाप्तिस्मा नोंदी आणि नगरपालिकेची रजिस्टरं एकमेकांशी ताडून पाहिली आहेत. वाद अजून चालू आहे, पण तो कशावर चालू आहे हे पाहण्यासारखं आहे. भाजीपाल्यावर आणि द्राक्षाच्या दारूवर पुस्तकं खपतात, आणि निकाल लागायचा आहे तो रजिस्टरवर. साकोलीच्या मासोळीवर आणि मोहफुलांवर उद्या कोणी तसं पुस्तक लिहिलं, तर आधी दाखल-खारीज पाहून घ्या एवढंच मी म्हणेन.

खोटी वयं वजा केली तरी नव्वदीपलीकडची खरी माणसं उरतातच, आणि पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त. ती कशी वाचली? इथे मला हिवताप सर्वांत बोलका वाटतो. तलाव, बांध्या, नाले आणि जंगल असलेल्या या झाडीपट्टीत हिवताप किती पिढ्या मुक्काम ठोकून होता, याचा पुरावा लोकांच्या रक्तात आहे. पूर्व विदर्भात सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे. हा दोष आई किंवा बाप एकाकडूनच आला तर माणसाला हिवतापापासून थोडं संरक्षण मिळतं, दोघांकडून आला तर तो आयुष्य पोखरतो. हिवताप नसता तर असा दोष पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिलाच नसता. काही जण वाचावेत म्हणून काही लहानपणी गेले, असा हा निसर्गाचा रोखठोक हिशेब. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, डीडीटीची फवारणी घराघरांत पोचली. आज नव्वदीत असलेला माणूस त्या वर्षी अठरा-वीस वर्षांचा होता. देवीचा भारतातला शेवटचा रुग्ण १९७५ चा. विहिरीत टाकलेली पोटॅशियम परमँगनेटची पूड, पुढे हातपंप, क्षयावरची औषधं, धनुर्वाताची लस, यांतलं एकही काम त्या माणसाने स्वतः केलेलं नाही आणि मुलाखतीत त्याला ते आठवणारही नाही. आपण ज्याने मेलो नाही ते कोणाच्या लक्षात राहतं?

बायकांचं उदाहरण यापेक्षा स्पष्ट आहे. जगभर शतायुषींत बायकाच जास्त. जपानात तर त्यांचं प्रमाण अठ्ठ्याऐंशी टक्क्यांच्या आसपास. यावरून बाईचं शरीरच चिवट असं सरसकट म्हटलं जातं. पण भारतात १९८० च्या आसपासपर्यंत बायकांचं सरासरी आयुर्मान पुरुषांपेक्षा कमी होतं. शरीर तेच होतं, ते काही ऐंशी सालानंतर बदललं नाही. बदललं ते बाळंतपण आणि लेकरांची संख्या, आणि आजारी मुलीला दवाखान्यात न्यायचं की नाही याबद्दलचं घरच्यांचं मत. शरीराच्या चिवटपणाला उपयोगी पडायची संधी मिळाली ती या मरणांची वाट अडवल्यावर. आज आमच्या गावांत नव्वदीच्या पुढे बायकाच दिसतात, हे अलीकडचं दृश्य आहे, परंपरेतलं नाही.

यावर दुसरा आक्षेप हमखास येतो तो महर्षी कर्व्यांचा. १८५८ साली जन्मलेले धोंडो केशव कर्वे १९६२ साली वारले, एकशे चार वर्षांचे होऊन. नोंद निर्विवाद, राहणी साधी, चालणं भरपूर, आहार मोजका. मग राहणीचा परिणाम नाही कसा? ज्यांच्याबरोबर कर्व्यांनी काम केलं त्यांच्याकडे पाहावं. १८९१ साली टिळकांच्या रिकाम्या झालेल्या जागेवर कर्वे फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवायला आले. आगरकर आणि गोखले तिथलेच. शहर तेच, ताट जवळपास तेच, ध्येयासाठी हाल सोसण्याची वृत्ती चौघांचीही. आगरकर अडतिसाव्या वर्षी दम्याने गेले. गोखले मधुमेहाने जर्जर होऊन अठ्ठेचाळीसाव्या वर्षी, १९१५ साली गेले, आणि इन्सुलिनचा शोध लागला १९२१ मध्ये. टिळक चौसष्टाव्या वर्षी गेले. कर्व्यांची पहिली पत्नी राधाबाई १८९१ मध्येच वारल्या होत्या. त्याच पुण्यातले क्रिकेटपटू प्रा. दि. ब. देवधर एकशे एक वर्षं जगले हे आपण आवडीने सांगतो, आणि साध्या राहणीचे जे शेकडो शिक्षक पन्नाशीत गेले त्यांची यादी कोणी करत नाही. साधी राहणी चांगलीच आहे. तंबाखू सोडावी, चालावं, मीठ बेतात खावं. त्याने सत्तरीचा माणूस ऐंशीपर्यंत जाण्याची शक्यता खरोखर वाढते. पण ऐंशीच्या पुढे शंभरापर्यंत कोण जाणार हे त्यावरून सांगता येत नाही. अमेरिकेतल्या ज्यू समाजातल्या पंचाण्णवीपुढच्या माणसांचा डॉ. नीर बारझिलाई आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला. त्यांचं वजन, व्यायाम, धूम्रपान त्यांच्या पिढीतल्या इतरांपेक्षा काही चांगलं नव्हतं. एकशे बावीस वर्षं जगून विक्रम करणारी फ्रान्सची जान काल्मां सिगारेट ओढत असे.

मग रक्ताचा वाटा आहे का? आहे. शतायुषींच्या सख्ख्या भावंडांनाही दीर्घायुष्य लाभण्याची शक्यता जास्त असते, हे अनेक ठिकाणी दिसलं आहे. डेन्मार्कमधल्या जुळ्यांच्या जुन्या अभ्यासात आयुष्याच्या लांबीतला सुमारे पाव वाटा आनुवंशिक निघाला. पुढच्या अभ्यासकांत यावरून मतभेद आहेत, कोणी तो फारच कमी धरतात तर कोणी बराच जास्त. मला यातून माझ्या म्हणण्याला बाधा येते असं वाटत नाही. रक्ताचा वाटा मोठा धरला तरी तो कामाला येण्यासाठी माणूस आधी साठीपर्यंत पोचायला हवा. पंजीत ‘ताप’ या शब्दापुढे संपलेल्या कितीतरी ओळींमध्ये शंभरीचं रक्त असेल, आणि ते कोणाला कधीच कळणार नाही.

तिसरा आक्षेप जुन्या लोकांचा, आणि त्यात तथ्य आहे. ते म्हणतात, पूर्वी रासायनिक खत नव्हतं, माणसं काटक होती. आता पन्नाशीतच बीपी आणि शुगर. आजार बदलले हे खरंच आहे. बांधीत रोवणी करणाऱ्या पिढीच्या अंगाला जी मेहनत होती ती मोटारसायकलवर फिरणाऱ्यांच्या अंगाला नाही. पण काटक माणसंच उरली म्हणून ती पिढी काटक दिसते, हा भागही विसरता येत नाही. जे नाजूक होते ते दिसायला राहिले नाहीत. शिवाय बीपी आणि शुगर मोजायची सोयच नव्हती त्या काळात पक्षाघाताने गेलेला माणूस ‘वारं गेलं’ म्हणून नोंदला जाई. आजच्या पन्नाशीतल्या माणसाला आपला आजार माहीत आहे आणि त्याची गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळते. ती तो रोज घेतो का, हा पुढच्या तीस वर्षांतल्या म्हाताऱ्यांची संख्या ठरवणारा प्रश्न आहे.

पंच्याऐंशीनंतर मात्र गोष्ट पुन्हा वेगळी होते, आणि मतदार यादीचं काम करणाऱ्याला ती जवळून दिसते. पंच्याऐंशीपुढच्या मतदारांना घरूनच मतदान करता यावं अशी सोय २०२४ च्या लोकसभेला होती. आमच्या भंडारा-गोंदियाचं मतदान १९ एप्रिलला, ऐन उन्हाळ्यात. त्या सोयीसाठीचा बारा-ड नमुना भरून घ्यायला घरात शिरलं की तो माणूस कशावर टिकून आहे ते दोन मिनिटांत कळतं. खाट कुठे टाकली आहे, पाण्याचा लोटा हाताशी आहे का, मोरीपर्यंत जायला धरायला काही आहे का, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे का. या वयात मारतो तो बहुधा मोठा आजार नसतो. रात्री लघवीला उठताना पडणं, मोडलेला खुबा, अंथरुणाला खिळणं आणि मग छातीत कफ, ही साखळी असते. मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर जातो, वृद्धांना तहान लागलेली कळत नाही, आणि दिवसभर पाणी पोटात गेलं नाही हे कोणाच्या तरी लक्षात यावं लागतं. हे लक्षात येणं म्हणजेच शेवटची दहा वर्षं. ते काम करते ती बहुतेक घरांत सून, नाहीतर विधवा होऊन माहेरी आलेली मुलगी. पोरं नागपूर-पुण्याला गेलेली असतात. शतायुषीचा सत्कार होतो तेव्हा शाल-श्रीफळ त्याला मिळतं आणि ती मागे चहा करत असते.

गरीब, भूमिहीन म्हाताऱ्या बायकाही नव्वदी गाठतात, मग सोयींचं आणि सेवेचं कौतुक कशाला, असं कोणी म्हणेल. काही गाठतात हे खरं. पण कागद नसलेल्या घरांतच वय सर्वांत जास्त फुगतं हे एक, आणि अपवाद डोळ्यांत भरतो हे दुसरं. त्याच वस्तीतल्या साठीच्या आत गेलेल्या बायका मोजल्या की तो अपवादच ठरतो. साकोलीत उपजिल्हा रुग्णालय आहे, २०१४ पासून १०८ ची गाडी आहे, भंडारा सुमारे चाळीस किलोमीटरवर आणि नागपूर शंभरावर. महामार्गाला लागून असलेल्या गावातल्या आणि जंगलाच्या कडेच्या टोल्यावरच्या म्हाताऱ्यांत जो फरक पडतो, तो स्वभावाने पडत नाही.

नवी जनगणना आता समोर आहे, आणि फेब्रुवारी २०२७ मध्ये प्रगणक पुन्हा दाराशी येईल, या वेळी हातात मोबाइल घेऊन. ज्यांच्या घरात ऐंशीच्या पुढचं कोणी आहे त्यांना माझी विनंती आहे, की तो येण्याआधी एक दुपार काढा. शाळेचं दाखल-खारीज, कोतवाल पंजीची नक्कल, जुना सातबारा, लग्नाचं साल, थोरल्या मुलाचा जन्म, जे सापडेल ते जुळवून वयाचा एक आकडा ठरवा आणि कागदावर लिहून ठेवा. त्याच कागदावर त्यांच्या गेलेल्या भावंडांची नावंही लिहा, आणि प्रत्येक जण कोणत्या वयात कशाने गेलं तेही. हे सांगू शकणारा घरात आता तो एकच माणूस आहे.